सातवीचे भूगोलाचे निबंध : पुराव्याला मार्क नेमके कसे द्यायचे?

भूगोलाच्या_बाई
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात सहावी ते आठवीला भूगोल शिकवते. यावेळी आकारिक मूल्यमापनासाठी स्वाध्यायाऐवजी सातवीला निबंध दिला, विषय : सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, तरी ऊस एवढा का? अट एकच, जे म्हणाल त्याला पुरावा द्यायचा. नकाशा, तक्ता, पेपरातली बातमी, घरच्यांशी बोलणं, काहीही चालेल. पोरांनी मनापासून लिहिलंय पण आता साठेक वह्या टेबलावर आहेत आणि मी पहिल्या तीनमध्येच अडकलेय.

एकाने लिहिलंय, "उजनी धरण भीमा नदीवर आहे. त्याची क्षमता ११७ टीएमसी आहे. सोलापूरचा सरासरी पाऊस ५४५ मिमी आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय मानांकन आहे." सगळं बरोबर, पण ऊस का ते कुठेच नाही!
दुसरीच्या वहीत एकही आकडा नाही. "आमच्या रानात आधी ज्वारी होती. कॅनॉलला पाणी आलं मग आजोबांनी ऊस लावला. ज्वारीला भाव मिळेल का सांगता येत नाही, ऊस कारखाना नेतोच."
तिसरा म्हणतो, "यंदा सोलापुरात लई पाऊस झाला म्हणून उजनी भरलं आणि म्हणून ऊस लावतात."

माझ्या निकषात 'पुरावे किमान तीन' असं आहे, त्या हिशोबाने पहिल्याला सगळ्यात जास्त पडतात. मन मानत नाही. तुम्ही कसं करता?

माढ्याचा_मास्तर
बाई, आधी तो 'किमान तीन'चा निकष काढून टाका, त्यानेच पोरं आकडे गोळा करत सुटतात. पहिल्याने दिली ती माहिती, पुरावा नव्हे. आकडा कुठल्यातरी म्हणण्याला टेकू देत असेल तरच तो पुरावा. मी दहापैकी असे देतो : म्हणणं स्पष्ट आहे का २, पुरावा खरा आणि विषयाचा आहे का ३, पुराव्यावरून म्हणण्यापर्यंत कसा पोचला ४, मांडणी १. तुमच्या पहिल्याला माझ्याकडे चारच्या वर पडणार नाहीत, दुसरीला सात तरी.

तिसरा मात्र नीट बघा, तो सगळ्यात कामाचा आहे. त्याने 'म्हणून' दोनदा वापरलंय म्हणजे कारण जोडायचा प्रयत्न केलाय, फक्त जोड चुकलीय. उजनी काय आपल्या पावसाने भरत नाही, पुण्याच्या वर घाटात पाऊस झाला, तिकडची धरणं भरून पाणी सोडलं की भीमेतून इकडं येतं. आपल्याकडं कोरडं असताना उजनी शंभर टक्के झालेलं आपण सगळ्यांनी बघितलंय की. त्याला शून्य देऊ नका, समासात एवढंच लिहा, "उजनीत पाणी कुठून येतं? नकाशात भीमेचा उगम शोध." भीमाशंकर सापडलं की स्वतःच खोडेल.

अजून एक, सातवीची पोरं टक्केवारीत हमखास फसतात. उजनी मायनस गेलं म्हणजे धरण कोरडं पडलं असं निम्मी पोरं लिहितात. ११७ पैकी ६३ टीएमसीहून जास्त तर मृतसाठाच आहे, म्हणजे तळाचं, एरवी न धरलं जाणारं पाणी, टक्केवारी त्याच्या वरच्या उपयुक्त साठ्याची, म्हणून उणे ५० झालं तरी आत ३५ टीएमसीच्या वर पाणी असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० च्याही खाली गेलं तेव्हा मी वर्गात हेच गणित फळ्यावर करून घेतलं, भूगोलाचा तास गणितात गेला, जाऊ दे.

मराठीचा_तास
मांडणीला १ च? मी मराठी शिकवते म्हणून नाही म्हणत, पण विचार भाषेतूनच दिसतो ना सर.

पूर्वभागातला_शिक्षक
मॅडम, मांडणी वेगळी आणि शुद्धलेखन वेगळं. आमच्या वर्गात निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या कन्नड, उर्दू. एक पोरगी लिहिते "पाऊस कमी आला, बोर खोल गेली". मराठीच्या वहीत तुम्ही लाल कराल, भूगोलात मला त्यात भूजल दिसतं. मी ऱ्हस्व-दीर्घाला हात लावत नाही, पण कशामुळे काय झालं ते वाचणाऱ्याला कळलं नाही तर मार्क कापतो. नाहीतर गोड मराठी लिहिणाराच दरवेळी पुढं जातो.

मराठीचा_तास
हे पटलं. मग निकषात तसं लिहाच, नाहीतर पालक वही घेऊन येतात की शुद्धलेखन तपासलंच नाही.

सांगोल्याकडची
आजोबांच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही. घरचं सांगणं हा पुरावा आहेच, पण आजोबांनी स्वतः केलेलं सांगितलं की गावात म्हणतात ते सांगितलं, हा फरक पोरांना विचारा. "आजोबांनी ऊस लावला" हे पक्कं. "सगळे शेतकरी ऊसच लावतात" हे एका रानावरून नाही म्हणता येत, आमच्याकडं तर डाळिंब आहे, जिथं कॅनॉल नाही तिथं माणूस ठिबकवर डाळिंबच बघणार. मी पोरांना सांगते, घरची एक गोष्ट आणि त्याला जोड म्हणून बाहेरचं एक, तालुक्याचा पीकपेरा (कुठलं पीक किती लावलं त्याची नोंद) किंवा कॅनॉलचा नकाशा, दोन्ही जुळतात का बघा आणि जुळत नसेल तर तसं लिहा. "आमच्याकडं असं नाही" लिहिणाऱ्याला मी एक मार्क वाढवून देते, कुणी काही म्हणो.

तुमच्या दुसऱ्या मुलीने भावाचं जे लिहिलंय ते भारी आहे हां. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, ठरलेली आणि घेणारा कारखाना जवळ, ज्वारीचं तसं नाही. ते तिला शब्दात माहीत नसेल पण मुद्दा तोच आहे. मोठी माणसं पण पाण्यावरच थांबतात, बाजारापर्यंत जात नाहीत.

भूगोलाच्या_बाई
खूप आभार सगळ्यांचे. 'किमान तीन' काढला, मास्तरांचं २-३-४-१ घेते. पण साठ वह्यांवर समासात प्रश्न लिहायचे म्हणजे दिवाळीच होईल, आणि सोमवारी नोंदी द्यायच्यात.

माढ्याचा_मास्तर
सगळ्यांवर नका लिहू. आधी फक्त 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' शोधून त्याखाली रेघ मारत जा, रेघ नाही त्या वह्या एका बाजूला. त्या पोरांना वर्गातच एकच वाक्य जोडायला लावा, "यावरून मला वाटतं की...". मोबाईलवरून उतरवलेले पण तिथंच सापडतात, त्यांना ते वाक्य येत नाही.

पूर्वभागातला_शिक्षक
आणि पाच-सहा वह्या दुसऱ्या शिक्षकाला मार्क झाकून द्या. तुमच्यात त्यांच्यात दोनच्या वर फरक आला तर निकष अजून ढिला आहे. मला पाठवा हवं तर, रविवारी मोकळा आहे.