बियाणे विधेयक हिवाळी अधिवेशनाच्या यादीत नाही. मग आमचे म्हणणे मांडायचे कधी आणि कोठे?

प्रश्न: छावणी_बियाणे, इंदूर (27 नोव्हेंबर 2025)

सर्वांना नमस्कार. इंदूरच्या छावणी मंडीजवळ माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेले बियाण्यांचे दुकान गेली अकरा वर्षे मी सांभाळते आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने या महिन्यात बियाणे विधेयक 2025 चा मसुदा जाहीर केला असून त्यावर 11 डिसेंबरपर्यंत सूचना मागवल्या आहेत. 1966 चा बियाणे कायदा आणि 1983 चा बियाणे नियंत्रण आदेश यांच्या जागी हा नवा कायदा येणार आहे. संसदेचे हिवाळी अधिवेशन 1 डिसेंबरला सुरू होऊन 19 डिसेंबरपर्यंत चालणार आहे, आणि त्यासाठी जी विधेयकांची यादी प्रसिद्ध झाली तीत अणुऊर्जा, विमा, उच्च शिक्षण आयोग, राष्ट्रीय महामार्ग अशी नावे आहेत. बियाणे विधेयकाचे नाव मात्र नाही. यावरून हे विधेयक तूर्त बाजूला पडले आहे असे समजावे काय? आणि तसे असेल तर आता घाईने सूचना पाठवण्यात काही अर्थ आहे काय?

माझी काळजी शिक्षेच्या तरतुदीविषयी आहे. सर्वांत गंभीर अपराधासाठी 30 लाख रुपयांपर्यंत दंड आणि 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास मसुद्यात सुचवला आहे. बनावट बियाणे विकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु आम्ही शिवलेली पोती जशी येतात तशीच विकतो. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सोयाबीनच्या एका लॉटविषयी तक्रारी आल्या, तेव्हा मी उरलेल्या पोत्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. सहाव्या दिवशी गोणपाट उलगडले तर अठ्ठेचाळीस दाण्यांना मोड आले होते. उरलेले दाणे बोटाने दाबताच चिकट होऊन फुटत होते. सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के असावी लागते. शेतकरी आले ते माझ्या दुकानावर आले, कारण त्यांच्या ओळखीचे माणूस मीच होते. नव्या कायद्यात अशा वेळी अपराधी कोण ठरेल, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर 1: निवृत्त_प्राध्यापक, रामबाग

ताई, आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि दोन्हींना स्वतंत्र उत्तर द्यावे लागेल.

अधिवेशनापूर्वी लोकसभेच्या बुलेटिनच्या दुसऱ्या भागात जी यादी छापली जाते ती सरकारच्या इराद्याची यादी असते. तिच्यामुळे ना सरकार बांधले जाते ना सभागृह. याच आठवड्यातले उदाहरण पाहा. चंदीगडविषयीचे 131 वे घटनादुरुस्ती विधेयक या यादीत होते, पंजाबात त्यावरून गदारोळ उठला, आणि गृह मंत्रालयाने 23 नोव्हेंबरला जाहीर केले की ते या अधिवेशनात मांडण्याचा सरकारचा विचार नाही. उलट बाजूचे उदाहरण आपल्या इंदूरकरांना अधिक आठवेल, कारण त्या वेळी लोकसभेच्या अध्यक्षपदी सुमित्राताई महाजन होत्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना 10 टक्के आरक्षण देणारे घटनादुरुस्ती विधेयक 8 जानेवारी 2019 रोजी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी 323 विरुद्ध 3 मतांनी मंजूर झाले. राज्यसभेची बैठक एक दिवसाने वाढवून दुसऱ्या दिवशी तेथेही ते संमत झाले. आदल्या आठवड्यापर्यंत त्याचे नावही कोणी ऐकले नव्हते.

बियाण्यांच्या बाबतीत तर यादीपेक्षा इतिहास अधिक बोलका आहे. डिसेंबर 2004 मध्ये बियाणे विधेयक राज्यसभेत मांडले गेले, ते कृषिविषयक स्थायी समितीकडे गेले, समितीने 2006 मध्ये अहवाल दिला, त्यावर दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, आणि तरीही ते कधी मंजूर झाले नाही. लोकसभेत प्रलंबित असलेले विधेयक लोकसभा विसर्जित होताच रद्द होते, पण राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेने अद्याप मंजूर न केलेले विधेयक तसे रद्द होत नाही. घटनेच्या 107 व्या अनुच्छेदात ही तरतूद आहे. म्हणून ते विधेयक निवडणुका उलटून गेल्या तरी नुसते पडून राहिले. 2019 मध्ये पुन्हा मसुदा आला आणि तोही पुढे सरकला नाही. आताचे विधेयक यादीत नाही याचे कारण मला साधे दिसते: सूचनांची मुदतच 11 डिसेंबरला संपते आणि अधिवेशन 19 ला. सूचना वाचून, मंत्रिमंडळाची मान्यता घेऊन ते लवकरात लवकर अर्थसंकल्पी अधिवेशनात येऊ शकते. म्हणजे बाजूला पडण्याचे तर राहोच, आपले म्हणणे ऐकले जाण्याची सर्वांत चांगली वेळ हीच आहे. विधेयक एकदा मंत्रिमंडळातून बाहेर पडले की त्यातला एक शब्द बदलायलाही फार मोठी शक्ती लागते.

आता दुसरा भाग. आपण पाठवाल ती सूचना ‘दुकानदारांवर अन्याय होईल’ एवढ्यावर थांबू नये. मसुद्यातील खंडाचा क्रमांक लिहून तेथे कोणते वाक्य घालावे ते लिहून पाठवा. (विधेयक असेपर्यंत त्याला खंड म्हणतात आणि कायदा झाल्यावर कलम, हिंदी मसुद्यातही ‘खंड’ हाच शब्द असतो, त्यामुळे शोधताना गोंधळ होऊ नये.) हे वाक्य नव्याने शोधण्याचीही आवश्यकता नाही. 1968 च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम 30 मध्ये ते तयार आहे. जो विक्रेता स्वतः उत्पादक किंवा आयातदार नाही, ज्याने माल परवानाधारकाकडून घेतला आहे, दोष त्याला ठाऊक नव्हता व वाजवी दक्षता घेऊनही कळला नसता, आणि ज्याने तो माल नीट साठवून मूळ स्थितीतच ठेवला, त्याला तेथे संरक्षण आहे. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातही कलम 19 मध्ये जवळजवळ हीच भाषा आहे. आपल्याच दुकानाच्या दुसऱ्या कपाटातल्या कीटकनाशकाच्या बाटलीला जे संरक्षण लागू आहे ते पहिल्या कपाटातल्या बियाण्याच्या पिशवीला का असू नये, हा प्रश्न मंत्रालयातील अधिकाऱ्याला टाळता येणार नाही.

उत्तर 2: सांवेरचा_शेतकरी

प्राध्यापकसाहेबांनी सांगितलेली प्रक्रिया मला मान्य आहे, परंतु सूचनेचा मजकूर एवढाच राहिला तर मी त्यावर सही करणार नाही. विक्रेत्याला संरक्षण मिळाले, उत्पादक कंपनी दूरच्या शहरात बसली, आणि जून संपताना माझ्या बावीस बिघ्यांत ओळीच्या ओळी रिकाम्या राहिल्या, तर मी कोणाचे दार ठोठवायचे? सोयाबीनची पेरणी एकदा चुकली की दुबार पेरणीला बियाणेही मिळत नाही आणि ओलही राहत नाही. दंड कितीही मोठा ठेवला तरी तो सरकारी तिजोरीत जातो. माझ्या हातात पडते ती फक्त भरपाई.

आज आमच्याकडे आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निकालाचा. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की बियाणे कायदा असला तरी शेतकरी ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) जाऊ शकतो. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यातही भरपाई मागण्याची सोय आहे, पण ती त्या कायद्याखाली नोंदलेल्या वाणांपुरती. माझी मागणी अशी आहे की नव्या विधेयकातच भरपाईचा स्वतंत्र खंड असावा, तिचा निर्णय जिल्ह्याच्या पातळीवर व्हावा, आणि त्याला मुदत असावी. कारण ग्राहक आयोगात निकाल लागेपर्यंत दोन खरीप निघून जातात. शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, बदलण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क मसुद्यात कायम ठेवला आहे, ही चांगली गोष्ट आहे. आमच्या भागात सोयाबीनचे जेएस 335 हे वाण वर्षानुवर्षे घरोघरी टिकले ते याच देवाणघेवाणीमुळे.

प्रतिसाद: छावणी_बियाणे

दादा, आपले म्हणणे मला पटले, आणि खरे सांगायचे तर ते मीच आधी लिहायला हवे होते. त्या वर्षी ज्यांची पेरणी गेली त्यांतल्या सात जणांना मी पदरचे पैसे दिले, पण तो काही कायदा नव्हे. माझी ऐपत संपली तेथे तो थांबला. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात लिहिते: दोष कारखान्यात झाला असेल तर उत्पादक जबाबदार, साठवणुकीत झाला असेल तर विक्रेता जबाबदार, आणि दोन्ही स्थितींत शेतकऱ्याला मुदतीत भरपाई. दोष कोठे झाला हे ठरवायचे असेल तर त्याच लॉटचा राखून ठेवलेला नमुना लागेल, म्हणून तेही लिहावे असे वाटते. सोयाबीनचे साल इतके पातळ असते की ट्रकवरून पोते फेकले तरी उगवण घटते. तेव्हा वाहतूकदाराचाही विचार व्हावा. पिशवीवर क्यूआर कोड येणार आहे, त्यातून माल कोणत्या दिवशी कोणाच्या ताब्यात होता एवढे जरी नोंदले गेले तरी अर्धे भांडण मिटेल.

आणखी एक विचारायचे आहे. मुदत संपल्यानंतर पुढे लक्ष कसे ठेवायचे?

उत्तर 3: कार्यसूची_वाचक, सुदामानगर

संसदेच्या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांची दररोजची कार्यसूची आदल्या दिवशी मिळते. पूरक कार्यसूची मात्र आयत्या वेळी येते, म्हणून तीही पाहावी. बियाणे विधेयक ‘मांडण्यासाठी’ या मथळ्याखाली दिसले तर त्या दिवशी सहसा चर्चा होत नाही. त्यानंतर ते समितीकडे जाते की थेट ‘विचारार्थ व संमतीसाठी’ येते, यावर सारे अवलंबून आहे. समितीकडे गेल्यास निवेदने मागवणारी सूचना वर्तमानपत्रांत येते आणि आपल्याला दुसरी संधी मिळते. समितीचे काम निष्फळ असते असे समजू नये: प्राप्तिकर विधेयक 13 फेब्रुवारी 2025 रोजी मांडले गेले, प्रवर समितीने 285 शिफारशी केल्या, सरकारने 8 ऑगस्टला मूळ विधेयक मागे घेऊन 11 ऑगस्टला सुधारित विधेयक आणले. मात्र पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, तर सतराव्या लोकसभेत अवघी 16 टक्के. तेव्हा दुसऱ्या संधीच्या भरवशावर पहिली सोडणे धोक्याचे आहे.

निवेदनाची एक प्रत आपल्या लोकसभा सदस्यांना आणि एक राज्यसभा सदस्यांपैकी कोणाला तरी अवश्य द्यावी. मध्य प्रदेशातून राज्यसभेत 11 सदस्य आहेत. विधेयक विचारार्थ आले की सदस्यांना दुरुस्तीची सूचना लेखी द्यावी लागते, आणि हाताशी तयार वाक्य असेल तरच ते एवढ्या थोड्या वेळात देऊ शकतात.

उत्तर 4: निवृत्त_प्राध्यापक, रामबाग

ताई, राखीव नमुन्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तो निवेदनात अगदी वर घ्यावा. मसुदा तयार झाला की येथेच टाका. मी खंडांचे क्रमांक हिंदी आणि इंग्रजी दोन्ही प्रतींशी ताडून देईन, आणि सांवेरच्या दादांनी भरपाईचा परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहावा. रविवारपर्यंत झाले तर मुदतीला दहा दिवस हाताशी राहतील.

प्रतिसाद: सांवेरचा_शेतकरी

शनिवारी रात्री लिहून पाठवतो. त्या खरिपाचे बिल आणि पोत्यावरचा प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग माझ्याकडे अजून आहेत. त्यांची छायाचित्रेही सोबत जोडेन, कंपनीचे नाव झाकून.