लष्करी विमानांच्या दुरुस्ती करारांचं गणित कोणी समजावेल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी कॉस्ट अकाउंटंट. अमेरिकी लष्करी विमानांच्या देखभाल खर्चावर आमच्या अभ्यासगटात बोलायचं कबूल करून बसलोय आणि आता घाम फुटलाय.

एफ-३५ लढाऊ विमानांच्या ताफ्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचा अंदाज २०१८ मध्ये १.१ लाख कोटी डॉलर होता, २०२३ मध्ये १.५८ लाख कोटी. उड्डाणाचे नियोजित तास मात्र घटले! बरीचशी तांत्रिक माहिती कंत्राटदाराच्याच हातात, त्यामुळे लष्कराच्या स्वतःच्या डेपोंना अनेक भाग दुरुस्त करता येत नाहीत. इथपर्यंत समजलं.

अडलंय ते पुढे. विकणारा एकच असेल तर 'वाजवी किंमत' ठरवायची कशाच्या आधारावर? सी-१७ या मालवाहू लष्करी विमानाच्या स्वच्छतागृहातल्या साबणाच्या डबीला (डिस्पेन्सरला) बाजारभावाच्या ८० पटींहून जास्त पैसे मोजले गेले, असं पेंटॅगॉनच्या महानिरीक्षकांचा २०२४ चा अहवाल सांगतो. साबणाची डबी हो! तिचा भाव निदान दुकानात विचारता येतो. इंजिनाच्या पात्याचं काय करायचं?

दुसरं, दुरुस्तीच्या प्रत्यक्ष खर्चावर ठरावीक नफा देणं आणि उड्डाणाच्या तासामागे ठोक दर देणं, यात सरकारला स्वस्त काय पडतं? पहिल्यात कंत्राटदाराला काटकसर करायचं कारणच दिसत नाही. माझं चुकतंय का?

नाशिकजवळ ओझरला, एचएएलच्या विमान कारखान्यात, सुखोई लढाऊ विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये (संपूर्ण दुरुस्तीत) काम केलेलं कोणी इथे आहे का? गोपनीय काही नको, फक्त सुट्या भागांचे दर कसे तपासतात तेवढं सांगा.