केअर सेंटर बघायला जाता, तेव्हा नेमकं काय बघता?

शहापूरकर

मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला, घरी दोघंच म्हातारी आणि त्यातल्या एकाला अर्धांगवायू. बेळगावातल्या प्रत्येक गल्लीत असं एखादं घर सापडेल. मग केअर सेंटरची शोधाशोध सुरू होते. महिन्याला किती, डिपॉझिट किती, खोली स्वतंत्र आहे का, जेवण शाकाहारी आहे का, हे सगळं विचारून होतं. परवा ओळखीचे एक गृहस्थ शहराबाहेरचं एक सेंटर बघून आले आणि म्हणाले, "फरशी काय चकाचक आहे हो!"

माझं म्हणणं असं की फरशी चकाचक ठेवायला एक बाई पुरते. अंथरुणाला खिळलेली पंधरा माणसं रात्री सांभाळायला एक पुरत नाही. हिशेब करून बघा. अशा माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. एकाला वळवायला, ओलं असेल तर पुसून कोरडं करायला दहा मिनिटं धरा. पंधराजणांचे अडीच तास झाले. म्हणजे ती बाई पाण्याचा घोट न घेता राबली तरी पहिल्या पेशंटकडे वेळेत परतत नाही. आणि वजनदार पुरुषाला वळवायला दोघं लागतात ते वेगळंच.

म्हणून विचारायचं ते एवढंच: रात्री दहानंतर जागे असलेले हात किती? 'स्टाफ भरपूर आहे' हे उत्तर नव्हे. मग तिथे आधीपासून असलेल्या कुणाच्या तरी टाचा, माकडहाड, ओठ बघायचे, अर्थात त्यांच्या घरच्यांना विचारून. ओठ सुकून पापुद्रे निघालेले दिसले तर पाणी कोण पाजतं ते विचारा. दर महिन्याला वजन करतात का आणि ते लिहितात का, तेही बघा. महिन्यात वजन पाच टक्क्यांनी उतरलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, तर ताटात काय वाढलं होतं याला अर्थ नाही.

अजून एक. बघायला जायचं तर जुलैमध्ये जा. आपल्याकडच्या पावसात चादरी कुठे वाळतात, एका खाटेमागे किती आहेत, हे तेव्हाच कळतं.

गेट नंबर दोन

रात्री दहाला तुम्हाला आत कोण सोडणार, काका? मीच मालक असतो तर सोडलं नसतं. झोपलेल्या माणसांच्या अंगावरची पांघरुणं काढून टाचा बघत फिरायचं, हे काय बरं दिसतं?

रात्रपाळी

मी सिस्टर आहे, आधी हॉस्पिटलमध्ये होते, आता अशाच एका ठिकाणी काम करते. काकांचा हिशेब बरोबर आहे, पण निकाल लावायची घाई चुकीची आहे.

बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, दिसला की नातेवाईक लगेच आवाज चढवतात. बरेच पेशंट आमच्याकडे अतिदक्षता विभागातून थेट येतात आणि जखम तिथूनच घेऊन येतात. तेव्हा ती वरून साधा डाग वाटते, चार दिवसांनी फुटते आणि नाव आमचं होतं. दुसरं म्हणजे शुगर वाढलेली, अंगात प्रोटीन नाही, रक्तपुरवठा कमी, अशा माणसाची कातडी वेळेवर कूस बदलूनही फाटते. शेवटच्या दिवसांत तर फाटतेच. एक जखम बघून सेंटर नापास करू नका. जखमेची रोजची नोंद आहे का, ती भरतेय की पसरतेय, ते बघा.

आणि बघायचंच तर नीट बघा. लाल डाग बोटाने दाबायचा. दाबल्यावर पांढुरका होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर आत बिघाड सुरू झालाय. सावळ्या कातडीवर ही लाली दिसतच नाही. तिथे हाताची मागची बाजू टेकवून बघायचं, भोवतालपेक्षा गरम लागतंय का, कडक किंवा लिबलिबीत लागतंय का. कितीजण असं बघतात? दारात उभं राहून "वास येतोय" म्हणणारेच जास्त. वास तर येणारच, माणसं राहतात तिथे. उलट चोवीस तास नुसता फिनेलचाच वास येत असेल तर मला शंका येते.

आणि एअर बेड आणून दिला म्हणजे कूस बदलायची गरज संपली असं समजू नका. टाचा त्यावरही घासतात. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी लागते.

निपाणीचा तात्या

एवढी चर्चा कशाला? आईबापांना घरात ठेवा की. आमच्या आज्जीला आम्ही शेवटपर्यंत घरातच बघितलं. सेंटरमध्ये टाकायचं आणि मग दर्जा मोजत बसायचं!

खानापूरची थोरली सून

तात्या, "आम्ही बघितलं" म्हणजे कुणी? वैनींना विचारून लिहिलंय का?

सासऱ्यांना नाकातून नळी होती. प्रत्येक वेळी पाठ उचलून बसतं करायचं, खीर गाळून हळूहळू सोडायची आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर पोटातलं उलटून छातीत जायची भीती. असं दिवसातून पाच-सहा वेळा. बाकी घर, गुरं आणि पाऊस आहेच. मला कुणी शिकवलं नव्हतं, हॉस्पिटलातून सोडताना एका आयाने घाईघाईत दाखवलं तेवढंच. घरी ठेवलं म्हणजे सांभाळ चांगलाच होतो, हे कुणी ठरवलं? घरातल्या रात्रपाळीला तर दुसरा माणूसच नसतो.

निपाणीचा तात्या

बरं बाई, आमच्या बायकोनंच बघितलं. पण परक्याच्या हातात देण्यापेक्षा ते बरं, या मतावर मी ठाम हाय.

एडिसनकर (मूळचा अनगोळचा)

इकडे अमेरिकेत सरकारच नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं, 2008 पासून. घरबसल्या बघता येतात. तपासणीत काय सापडलं, माणसं किती, पेशंटच्या तब्येतीचं काय झालं, या तिन्हींवरून तारे ठरतात. आपल्याकडेही असं काही निघालं तर शहापूरकर काकांना टाचा बघत फिरावं लागणार नाही.

आता यातली गंमत. माणसं किती हा आकडा आधी नर्सिंग होमवालेच भरून द्यायचे. 2018 पासून तो पगारपत्रकाच्या नोंदींवरून घेतात. कागदावरची माणसं आणि पगार घेणारी माणसं एकच आहेत की नाही, हे तपासावं लागलं ते उगाच नव्हे.

गेट नंबर दोन

पगारपत्रक! इथे अटेंडंटच्या हातात रोख पैसे पडतात, अनगोळकर. कुठले तारे लावणार?

सीमेवरचा वकील

कायद्याचं थोडं. ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा केंद्राचा कायदा आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम काढण्याची गोष्ट आहे. मुलांकडून पोटगी मागण्याचीही सोय आहे. पण पैसे भरून ठेवलेल्या माणसाची कूस रात्री कुणी बदलली, हे त्या कायद्यातून कळणार नाही.

कर्नाटकात खाजगी दवाखाने आणि नर्सिंग होमसाठी वेगळा कायदा आहे, तोही 2007 चाच, त्याखाली नोंदणी करावी लागते. म्हणून सेंटरमध्ये सलाइन, ऑक्सिजन, नळ्या हे सगळं चालत असेल तर सरळ विचारा, नोंदणी वृद्धाश्रमाची आहे की वैद्यकीय संस्थेची? सर्टिफिकेट बघायला मागा. तक्रारीची वेळ आली तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

कडोलीची पोरगी

वकीलसाहेब, महाराष्ट्राने फुले जनआरोग्य योजना आपल्या 865 सीमाभागातल्या गावांना दिली ना? त्यात हा खर्च बसतो का?

सीमेवरचा वकील

नाही. ती हॉस्पिटलमधल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या सांभाळाचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

उचगावचा नातू

मूळ मुद्द्यावर कुणी बोलेना म्हणून लिहितो. भांडण लावायचं नाही. माझ्या आजोबांना विसरण्याचा आजार होता. उभ्या हयातीत बाजारात कन्नड बोलले, पण आजार वाढला तसं ते पुसून गेलं आणि घरातली मराठीच उरली. अटेंडंट पोरगा सौंदत्तीकडचा, स्वभावाने चांगला, पण मराठी नवीन. वहीत रोज लिहिलेलं असायचं, "शांत आहेत". ते शांत नव्हते. कंबर दुखत होती आणि सांगून कुणाला कळत नाही म्हणून बोलायचं थांबले होते.

शेवटी आम्ही कोल्हापूरकडे चौकशी केली. तिथे सगळे मराठी बोलणारे. पण जायला दोन तास, यायला दोन तास. बेळगावात बाबा रोज संध्याकाळी जाऊन बसायचे, ते कोल्हापूरला जमलं नसतं. मग इथेच ठेवलं. काकांच्या यादीत हे कुठेच नाही.

शहापूरकर

यादीत नाही, खरंय. पण मी असतो तर मीही बेळगावच निवडलं असतं. रोज येणारा माणूस असला की सेंटर आपोआप जपून वागतं.

रात्रपाळी

हेच तर नको, काका! ज्याचा मुलगा रोज येतो त्याची चादर आधी बदलायची, आणि ज्याचं कुणीच येत नाही तो ओल्यातच? असं घडतं, मी नाकारत नाही. म्हणूनच म्हणते, सेंटर बघायचं असेल तर ज्याला भेटायला कुणी येत नाही त्या माणसाकडे बघा. कोपऱ्यातली खाट असते बहुतेक. त्याची नखं कापलीत का, दाढी केलीय का.

उचगावच्या दादांचं पटलं. बोलू न शकणाऱ्याचं दुखणं चेहऱ्यावरून, कूस बदलताना कण्हण्यावरून ओळखायचं असतं, भाषा कुठलीही असो. पण ते शिकवायला वेळ लागतो, आणि शिकवलेली पोरं वर्षभरात दुसरीकडे जास्त पगारावर जातात. पगाराबद्दल या धाग्यात फक्त गेटवाल्यांनी लिहिलं, तेही टोमणा म्हणून.

वडगाव विणकर

कॅमेरा लावा खाटेसमोर. मोबाइलवर बघा दिवसभर. प्रश्न मिटला.

खानापूरची थोरली सून

डायपर बदलताना पण? तुमच्या आईचा असा व्हिडिओ भावोजींच्या मोबाइलवर गेलेला चालेल तुम्हाला? व्हरांड्यात लावा, जेवणाच्या खोलीत लावा. खाटेवर नको.

गेट नंबर दोन

एका सेंटरवाल्याने मला अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे वर्षभरात कुणी पडलंच नाही. मला बरं वाटलं. मग बघितलं तर दुपारी चारला सगळे झोपलेले, खाटांना कठडे लावलेले.

रात्रपाळी

बरोबर पकडलंत. जिथे कुणी कधीच पडत नाही, तिथे कदाचित कुणाला चालूच देत नसतील. झोपेची गोळी कुणाकुणाला चालू आहे आणि ती कुठल्या डॉक्टरने लिहून दिली, हे विचाराच.

शहापूरकर

सिस्टर, तुमचं आणि माझं बरंच जुळतंय, मग वाद कशाचा? माझी एकच मागणी. दाखल करताना पेशंटला डोक्यापासून टाचेपर्यंत दोघांनी मिळून बघायचं, डाग असेल तिथला फोटो काढायचा, वजन लिहायचं आणि दोघांनी सही करायची. मग जखम कुणाची यावर भांडण नाही.

रात्रपाळी

मान्य. मग त्याच कागदावर माझीही एक अट. रात्री दोनला पेशंटला धाप लागली तर निर्णय कोण घेणार, त्या एका माणसाचं नाव. मी फोन लावते, थोरला म्हणतो धाकट्याला विचारा, धाकटा म्हणतो ताईला विचारा, ताई म्हणते सकाळपर्यंत बघा. तोवर 108 ला बोलावू की नको, तेच मला कळत नाही. उद्या ओरडायला मात्र तिघंही येतात.

शहापूरकर

एक नाव आम्ही देऊ. त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं, ते नाव तुम्ही लिहून द्या.

रात्रपाळी

मी माझं देते हो. मालक लिहू देतात का, ते आधी विचारून घ्या.