मदत हवी आहे: जन्मजात हृदयविकार, १८ वर्षांनंतर पुण्यात कोणाकडे दाखवायचं?

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. लेकीला जन्मतः टेट्रालॉजी ऑफ फॅलो होतं, तान्ही असतानाच ऑपरेशन झालं. आता ती १८ पूर्ण झाली आणि लहान मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, यापुढे मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पण मोठ्यांच्या ओपीडीत सगळे बीपी आणि अँजिओप्लास्टीचे पेशंट. हिचं दुखणंच वेगळं. या ऑपरेशननंतर पुष्कळांची फुप्फुसाकडची झडप वर्षानुवर्षं गळत राहते, उजवा कप्पा मोठा होतो, आणि पेशंटला काही जाणवतही नाही. झडप कधी बदलायची हे ठरवायला एमआरआय लागतो. म्हणून 'बरी आहे की' म्हणून तपासणी सोडायची नाहीये.

मोठ्या वयातल्या जन्मजात हृदयविकाराचा खास अनुभव असलेले डॉक्टर पुण्यात कोण आहेत? हृदयाचा एमआरआय कुठे चांगला होतो, साधारण खर्च किती येतो?

जुन्या एकोच्या प्रिंट पुसट झाल्यात, पण ऑपरेशनची नोट आहे. आणखी कोणते कागद आत्ताच मागून घेऊ?

आणि एक. डॉक्टरांनी औषधं विचारली की ती अजून माझ्याकडे बघते. पुढे लग्न, बाळंतपण हे प्रश्न तिने स्वतः विचारायला हवेत. तुमच्या मुलांना ही सवय कशी लावलीत?