'संघ' आणि 'संग' वेगळे

'संग म्हणजे सोबत, त्यावरूनच संघ' असं एक मत मांडलं जातं, ते पटत नाही. मग 'घ' कुठून आला? पाणिनीने संघ हा शब्द सम् + हन् असा साधलाय, एकवटून घट्ट होणं. 'संघात', 'संहती' ही त्याचीच भावंडं. विनयात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांत, तर किमान चार भिक्खू असल्याशिवाय संघ म्हणतच नाहीत.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताचा (क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा) लेख जरूर पाहा. लेणं दिलंय 'चातुदिस' संघाला, म्हणजे चारी दिशांच्या भिक्खूंना, कुणा एका गुरूला नाही. वर 2000 कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, त्यातून वर्षावासातल्या (पावसाळ्यात तिथे मुक्कामाला असलेल्या) 20 भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. वर्षाचं व्याज 240, वाटप 20 × 12 = 240, हिशोब चोख जुळतो!