घाटात मागे बसून फायदा किती?

सिनेमात अबोला धरलेले दोन भाऊ आणि सायकल शर्यत असली की थोरला घाटात पुढे राहून, हवा अडवून धाकट्याला 'ओढत' नेतो, आणि ते बघणाऱ्याला पटतंही. सपाटीवर मान्य. ताशी ४० किमीला बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतरावर राहिलं तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. पण पन्हाळ्याच्या चढाला वेग १३-१४ वर आला की झगडा हवेशी नसतो, वजनाशी असतो. तिथं मागे बसून हाताला फारसं काही लागत नाही. म्हणून तर खरे हल्ले, म्हणजे एकदम जोर लावून बाकीच्यांना मागे टाकणं, घाटातच होतात.

दुसरी गोष्ट गिअरची. पुढची चक्री ३४ दाती आणि मागची २८ दाती असेल तर मिनिटाला ९० पेडल मारून वेग पडतो साधारण १४. जुन्या सायकलींवरच्या ४२-२१ ला तोच वेग धरायचा तर पेडल येतात ५५ च्या आसपास, म्हणजे सगळा भार गुडघ्यावर. मग चढ अंगावर आल्यावर गडी दाबून पेडल मारतानाच गिअर पाडायला, म्हणजे हलका करायला जातो, चेन दातांवर कचकचते, कधी उतरतेच. गिअर चढाच्या आधी पाडायचा, पाय क्षणभर हलका सोडून. आणि हो, पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला घासलं तर पडतो जवळजवळ नेहमी मागचाच. सिनेमात मात्र पुढचा उडतो!