मॉरिशस: रिसॉर्टच्या बाहेर काय काय पाहिलंत? अनुभव टाका

मंडळी, मराठीत मॉरिशसबद्दल शोधायला गेलं की हनिमून पॅकेज, पाण्यातला झोपाळा आणि शामारेलची सात रंगांची माती, गाडी याच्यापुढे जातच नाही. देश जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचा, या टोकापासून त्या टोकाला गाडीने दोनेक तासात पोचता, त्यामुळे एका जागी राहूनही सगळीकडे फिरता येतं. म्हणून हा धागा. जिथे खरंच गेलात तेवढंच लिहा, ब्रोशर नको.

सुरुवात मीच करतो. पोर्ट लुईला टूरवाले वॉटरफ्रंटवर सोडतात आणि दोन तासांनी उचलतात. त्यांना सांगून सरळ आप्रवासी घाटावर जा, मार्केटपासून चालत जाण्यासारखा आहे. 1834 पासून 1920 पर्यंत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या वर माणसं उसाच्या मळ्यांवर करारावर नेली, त्यांना उतरवून घेण्याचं ठिकाण हे. बघायला म्हटलं तर फार काही नाही, काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या भिंती, संडासांची एक रांग. पण जहाजं कलकत्ता-मद्रासहून यायची तशी मुंबईहूनही यायची आणि त्यात आपली कोकणातली माणसं होती हे माहीत असलं की त्या पायऱ्यांवरून पटकन पुढे जाववत नाही. 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. माझ्यासोबतचे निम्मे लोक बाहेर बाकावर बसून राहिले, त्यांना 'खंडहर' वाटलं, असो.

*

घाटाचं लिहिलंत ते बरं केलंत दादा. त्याच्याच पुढचं सांगते. आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या ओळखीने एका तिकडच्या मराठी कुटुंबाकडे गणपतीला जायचा योग आला. तिकडे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, आणि ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, कारण विसर्जन तेव्हा, म्हणजे आपला दीड दिवसाचा! घरात सगळे आपसात तिकडची क्रिओल बोली बोलतात, मुलं फ्रेंच झाडतात, पण टाळ हातात घेतला की आरत्या मराठीत आणि आजी नऊवारीत. त्या आजी मला बघून इतक्या खूश झाल्या की हातच सोडेनात, बोलायला आमच्याकडे समान शब्द पाचपन्नास असतील नसतील. विसर्जनाला उसाच्या शेतांमधल्या रस्त्याने मिरवणूक नदीवर जाते, ढोलकी आहे, नाच आहे, आणि मागे ट्रॅफिक पोलीस शांतपणे गाड्या थांबवून उभा. जमत असेल तर तारखा गणपतीच्याच धरा, खास करून पश्चिमेला कास्कावेलच्या बाजूला. मोका नावाच्या गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवतात आणि करारावर आलेल्या लोकांची जुनी रजिस्टरं पण तिथेच जपून ठेवलीयेत, काहींचे तर फोटोसुद्धा आहेत.

*

ट्रेकवाले कोणी असतील तर ल मॉर्न सोडू नका. नैऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला 556 मीटरचा कातळ आहे, उंचीच्या आकड्यावर जाऊ नका, आपल्याकडे तेवढे तर नुसते पायथे असतात, पण वरचा टप्पा चांगला दम काढतो. पहिला अर्धा रस्ता रुंद आणि सोपा, सहकुटुंब चालाल. त्यानंतर कातळ सुरू होतो, हाताने धरत चढायचं, काही ठिकाणी दोर आहेत, पाऊस झालेला असेल तर तिथूनच मागे फिरा. चांगला तळ असलेले बूट हवेत, सँडल घालून आलेली एक मंडळी मध्येच बसलेली दिसली. उजाडताना सुरुवात करा, नऊनंतर सावली नाही. वरून लगून दिसतं, आत फिका हिरवा, मग प्रवाळाची पांढरी रेघ, त्यापलीकडे एकदम गडद निळा.

आणि हा नुसता व्ह्यू पॉइंट नाही बरं का. मळ्यांवरून पळालेले गुलाम या कातळावर लपून राहायचे. 1835 मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई आले, ते पकडायला आलेत असं वाटून लोकांनी वरून उड्या टाकल्या अशी कथा तिथे सांगतात. 2008 साली हीसुद्धा वारसा जागा झाली. म्हणजे एवढ्याशा देशात दोन वारसा जागा, एक गुलामांची, एक करारावरच्या मजुरांची, आणि आपण जातो पॅरासेलिंगला.

*

वरच्या भावाला दंडवत, पण आमचे गुडघे साठीचे आहेत हो 😄 आम्ही काय केलं ते लिहितो. माहेबूरजवळून होडीने इल ओ एग्रेत नावाच्या छोट्या बेटावर जाता येतं, गाईडबरोबरच सोडतात, वाट सपाट आहे. मूळ मॉरिशसचं जंगल कसं होतं ते इथे परत उभं करतायत, परकी झाडं काढून आबनूस वगैरे लावून. महाकाय कासवं वाटेत आडवी येतात, गाईड म्हणाला थांबा, मग आम्ही सगळे थांबलो आणि ते कासव आमच्याकडे ढुंकूनही न बघता एकेक पाऊल टाकत गेलं, घाई फक्त आमच्या मिसेसना होती. गुलाबी कबूतर पण दिसलं, 1990 च्या सुमारास जंगलात जेमतेम दहाबारा उरली होती म्हणे, आता शेकड्यांनी आहेत. डोडो मात्र पोर्ट लुईच्या म्युझियममध्ये सांगाड्यातच बघायचा.

पाँप्लमूसची बाग पण आमच्यासारख्यांना सोयीची, परातीएवढी पानं असलेली कमळं तिथलीच.

गंगा तलावाला शाल न्या. विवरातलं तळं आहे, उंचावर, धुकं कधी येईल सांगता येत नाही, आम्हाला 33 मीटरचा शंकर कमरेपर्यंतच दिसला. माकडांपासून प्रसाद सांभाळा.

*

इल ओ सर्फ बेटाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, जाऊ नका. म्हणजे पाणी सुंदर आहे, नाही असं नाही, पण अकरा वाजता सगळ्या टूरच्या स्पीडबोटी एकदम येतात आणि मग फोटोत दुसऱ्याचं डोकं येणारच. आमच्या एजंटने 'ऑल इन्क्लुडेड' सांगून तिथे गेल्यावर प्रत्येक गोष्टीचे वेगळे मागितले, वाद घालण्यात अर्धा दिवस गेला. त्यापेक्षा ब्लू बे इथे काचेच्या तळाची होडी घ्या, सागरी उद्यान आहे, प्रवाळ बघता येतं. याच किनाऱ्याजवळ 2020 मध्ये जहाज अडकून तेल सांडलं होतं, तेव्हा गावकऱ्यांनी उसाचं पाचट भरून तरंगते बांध शिवले होते, आमच्या होडीवाल्याने स्वतः शिवलेत, हाताने करून दाखवत होता.

अजून एक, तिथे किनारे सार्वजनिक असतात. रिसॉर्टसमोरच्या वाळूवर बसायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही, खुर्ची मात्र त्यांची.

*

खाण्याचं कोणी लिहिणार की नाही?? ढोल पुरी! पुरणपोळी तिखटमिठाची झाली तर कशी लागेल, तशी. चण्याची डाळ शिजवून वाटून आत भरलेली पातळ मऊ पोळी, जोडीनेच देतात, आत वालासारख्या बियांची भाजी, टोमॅटोचा रस्सा, कोथिंबिरीची चटणी, कागदात गुंडाळून हातात. शाकाहारी मंडळींनी डब्यातले ठेपले परत आणायची तयारी ठेवा. सेंट्रल मार्केटमध्ये आलूदा प्या, सब्जा घातलेलं थंड दूध. दुकानं मात्र संध्याकाळी पाचलाच शटर ओढतात आणि गावाकडच्या बसही लवकर संपतात, रात्री भटकू म्हणाल तर टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवा.

*

प्रश्न: जुलैत जायचंय, आईबाबा बरोबर आहेत, पूर्वेला हॉटेल स्वस्त मिळतंय, घेऊ का?

*

जुलैत तिकडे हिवाळा, आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतो, बाबा टोपी धरून फिरतील. पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक किंवा वायव्येला त्रू ओ बिश बघा, पाणी शांत असतं. आणि जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस, तेव्हा तिकीट स्वस्त दिसलं तरी आधी विचार करा.